सातव्या वेशीचा दिवा कोणासाठी?

सुरतेच्या आमच्या डिंडोलीत एका कादंबरीला फुलं वाहिली गेली आहेत. तीही मुखपृष्ठावर पंख पसरून बसलेल्या अजगराच्या डोक्यावर. हे मी कुठे सांगितलं की लोक हसतात. हसोत बापडे. मी त्या ओट्यावर होते, वाचणारीच मी होते, आणि मला ते दिवस आठवले की हसू येतं ते थोडंसंच, बाकी अंगावर काटा येतो.

आधी आमच्या पोथीबद्दल सांगायला हवं, नाहीतर फुलांचा उलगडा व्हायचा नाही. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, पोरवयात अमळनेरकडच्या गावातून सुरतेला आले आणि पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये कापड रंगवत रिटायर झाले. श्रावणात सोसायटीत आमच्याच ओट्यावर पोथी लागते. एकजण ओळ वाचतो, दुसरा तिचा अर्थ सांगतो. वाचणारे दरवर्षी बदलत गेले, कोणाचे डोळे गेले, कोणी गावाला गेलं, पण अर्थ सांगणारे मात्र कायम अण्णाच. मिलमध्ये दिवसभर मशीनच्या धडधडीत ओरडून बोलायची सवय, त्यामुळे त्यांचा अर्थ दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जायचा.

या पोथीचे तीन नियम. सुरू केलेलं वाचन अर्धवट सोडायचं नाही. अर्थ सांगणाऱ्याला मध्ये अडवायचं नाही. आणि समाप्तीचा नारळ अर्थ सांगणाऱ्याच्या हातात द्यायचा, त्यानेच तो फोडायचा. माझ्या आठवणीत तो नारळ अण्णांच्या हाताशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातात गेलेला नाही.

माझी माय मागे बसायची. श्रावणात ती पोथी ऐकताना वाती वळायची, आणि एरवी साड्यांवर टिकल्या चिकटवायची. आमच्याकडे निम्म्या बाया हेच करतात. मार्केटमधून साड्यांचे गठ्ठे येतात, घरी बसून टिकल्या लावायच्या, गठ्ठे परत जातात. मायची बोटं डिंकाने कायम चरचरीत. तिला मी अर्थ सांगताना कधी ऐकलं नव्हतं. कशाचाच.

अण्णा रिटायर झाले त्याच्या आधीपासून त्यांचं गावाकडचं घर बांधणं चाललं होतं. आधी पाया, मग भिंती, मग स्लॅब, आणि शेवटी फरशी. प्रत्येक वेळी गावाहून आले की मोबाईलवर फोटो, आणि आमच्या अहिराणीत सांगणं. "हाई दख, हाई देव्हारानी जागा." सगळं आयुष्य सुरतेत घालवलेला हा माणूस, पण कोणी "कुठले तुम्ही?" विचारलं की गावाचंच नाव सांगणार. मग या वर्षी त्यांनी जाहीर केलं, "आते आखाजीले जाणं ते कायमनं." आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, आम्हा खानदेशी लोकांची दिवाळीपेक्षा मोठी. त्या दिवशी दोघं जाणार आणि परत यायचं नाही. मायला विचारलं, तर ती म्हणाली, "बघू."

मायचं 'बघू' आमच्या घरात सगळ्यांनी आयुष्यभर 'हो' म्हणून वापरलंय. भाऊ पुण्याला गेला तेव्हा 'बघू'. माझं लग्न ठरलं तेव्हा 'बघू'. मला तर शंका आहे, तिचं स्वतःचं लग्न ठरलं तेव्हाही ती हेच म्हणाली असेल आणि लोकांनी अक्षता वाटल्या असतील.

मी त्याच सोसायटीत मागच्या गल्लीत राहते, साडी मार्केटात नोकरी करते. रविवारी दुपारी मुलीला घेऊन मायकडे जाते. फाल्गुनातल्या एका रविवारी मी माझ्यासोबत एक जाडजूड पुस्तक नेलं होतं. नाशिकच्या मैत्रिणीने दिलेली, अद्भुत जगावरची मराठी कादंबरी. 'सातव्या वेशीचा दिवा'. मी ओट्यावर टेकून वाचत होते आणि अण्णा समोर येऊन उभे राहिले.

"हाई कसानं पुस्तक शे?"

"जादूचं."

"मंग मनातल्या मनात कसाले वाचस? मोठ्यानी वाच."

मी चेष्टेतच पहिलं पान मोठ्याने वाचलं. पान संपलं आणि अण्णांनी घसा खाकरून त्याचा अर्थ सांगायला सुरुवात केली. मी तोंडात बोटं घातली. एका वाळवंटात सात वेशींचं शहर आहे, शहराबाहेर पाऊल टाकलं की माणूस आपलं नाव विसरतो, आणि सातव्या वेशीवर एक दिवा सतत जळत असतो, एवढंच काय ते त्या पानात होतं. अण्णांनी त्यातून संसार, मोह, जन्म, सगळं काढून दाखवलं. मग घरात जाऊन पाट आणला, त्यावर लाल कापड घातलं, पुस्तक त्यावर ठेवलं आणि म्हणाले, आता सुरू केलंय तर समाप्तीपर्यंत जायला हवं.

पुढच्या रविवारी शेजारच्या बाया चपला खाली काढून, डोक्यावर पदर घेऊन येऊन बसल्या. त्यांना वाटलं, यंदा पोथी लवकर लागली. एकीने पाटासमोर हात जोडले, मोगऱ्याची फुलं अजगरावर वाहिली आणि मला हळूच विचारलं, "हाऊ कोनता अवतार शे व?" मी खरं सांगणार होते. पण तिचा चेहरा इतका भक्तीचा होता की मी म्हटलं, "पुढे कळेल." अण्णांनी तेवढ्यात अजगराचाही अर्थ सांगून टाकला.

हळूहळू सगळ्यांना कळलं की ही पोथी नाही. तरी कोणी उठून गेलं नाही, आणि फुलंही थांबली नाहीत. गोष्टच तशी होती. एक तरुण कुंभार शहरासाठी पाणी शोधायला सातव्या वेशीतून बाहेर पडतो. बाहेर पडताना तो वेशीखाली घोटाळतो, तेव्हा दिव्याची काच पुसणारी एक बाई त्याला म्हणते, जरा बाजूला हो, माझा उजेड अडवतोयस. आम्ही सगळे खूप हसलो होतो. एवढा मोठा वीर निघालाय आणि हिला उजेडाची पडलीय. अण्णांनीही अर्थ सांगितला, की मोठ्या कामाला निघालं की अशी आडवी येणारी माणसं भेटतातच. बाई गोष्टीतून गेली ती गेलीच. मग कुंभार आपलं नाव विसरतो, ढगांत विणलेल्या पुलावरून चालतो, आणि म्हातारपणी एका उलट्या नदीला पोचतो. ही नदी समुद्रातून निघते आणि डोंगराकडे चढत जाते.

ते पान ऐकताना सगळ्यांना तापीच आठवली. तापी आमच्या खानदेशातून वाहत सुरतेला येते. आम्ही सगळे तिच्याच वाटेने आलेले, आणि ती फक्त एकाच दिशेने वाहते. अण्णांनी त्या दिवशी अर्थ सांगितला नाही. चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "आपली तापीले हाई जमतं ते किती बरं व्हतं." मला त्या क्षणी त्या लेखकाचे पाय धरावेसे वाटले. कोण कुठला माणूस, त्याला डिंडोलीच्या ओट्याची काय खबर, आणि त्याने माझ्या बापाच्या मनातली नदी कागदावर उतरवून ठेवली होती. मी शाळेपासून पुस्तकं वाचतेय, पण वाचन म्हणजे ही असली गोष्ट असते हे मला त्या दिवशी कळलं. मी आतून हलले होते.

त्या रात्री जेवताना अण्णा म्हणाले, "समाप्ती व्हयनी का सामान बांधूत." आखाजी जवळच आली होती. दोन्ही गोष्टी त्यांच्या डोक्यात एक झाल्या होत्या, पुस्तक संपणं आणि गावाला जाणं. आणि मग माझ्या एक गोष्ट लक्षात आली. पुढच्या रविवारी मी पुस्तक उघडलं तशी माय म्हणाली, "आज थोडंच वाच बेटा, मन्हा हात दुखतस." त्याच्या पुढच्या रविवारी चहा जरा उशिरा आला. मग एकदा तिने मला पीठ दळून आणायला पाठवलं, तेही नेमकं वाचायच्या वेळी. राहिलेली पानं कमी होत होती आणि माय तिला जमेल तसा त्यांना बांध घालत होती. तिला जायचं नव्हतं. ती 'नाही' म्हणत नव्हती आणि म्हणणारही नव्हती. मी गिरणीतून पिठाचा डबा घेऊन येताना चिडले होते, तिच्यावर, अण्णांवर, त्या नव्या फरशीवर. पण मी बोलून काय उपयोग, तिने बोलायला हवं होतं.

शेवटी समाप्तीचा रविवार आलाच. ओटा भरला होता. पाटावर फुलं, शेजारी नारळ. मी शेवटचं प्रकरण वाचलं. म्हातारा कुंभार उलट्या नदीच्या काठाकाठाने शहराला परत येतो. सहा वेशी पडलेल्या, रस्त्यांत वाळू, घरांत कोणी नाही. सातव्या वेशीवर मात्र दिवा जळतोय, आणि त्याच्या वातीची काजळी नुकतीच झाडलेली आहे. कुंभाराला आपलं नाव आठवतं. तो वेशीबाहेर उभा राहतो. इथे पुस्तक संपतं. तो आत गेला की नाही, दिवा कोणी लावला, कोणासाठी लावला, काहीच नाही. मी मागचं पान उलटून पाहिलं, न जाणो काही राहिलं असेल. तिथे नुसता छापखान्याचा पत्ता.

"आँ?" पलीकडच्या गल्लीतले काका म्हणाले. ते विदर्भातले, यवतमाळकडचे, लूम चालवतात. "असं कसं? मंग नाव कायले ठेवलं दिव्याचं?"

आणि वाद पेटला. अण्णांचा अर्थ तयारच होता. दिवा परत येणाऱ्यासाठी. "बाहेर गयेल माणूसले वाट दिसाले पाहिजे म्हनीसन." माणूस कुठेही गेला, नाव विसरला, तरी त्याचं गाव त्याच्यासाठी दिवा लावून ठेवतं, तेच या नावात आहे, असं ते म्हणाले. मी उलट बोलले. पोथी नाही ही, इथे अडवलं तर चालतं, असं मीच ठरवून टाकलं. मी म्हटलं, परत येणाऱ्यासाठी असता तर दिवा शहराच्या मध्यावर हवा. वेशीवर लावलेल्या दिव्याचा उजेड बाहेर पडतो. तो जाणाऱ्याची वाट उजळायला आहे, जा बाबा म्हणून. अण्णा म्हणाले, तू मार्केटमध्ये राहून वाकडं बोलायला शिकलीस. मी म्हटलं, तुमच्याकडूनच शिकले. माझी मुलगी मोबाईलमधून डोकं वर न काढता गुजरातीत म्हणाली, "ए पोते ज दीवो छे." तो कुंभार स्वतःच दिवा. यावर दोन बाया वा वा म्हणाल्या. काका म्हणाले, "जादूचा दिवा हाय बावा. आपोआप जळून रायला. त्याचा कायले इचार करता?"

मला फार मजा येत होती. आणि मजेच्याही पलीकडचं काहीतरी. दिवसभर रंगाच्या वाफेत, लूमच्या आवाजात, डिंकाच्या वासात राबणारी माणसं एका खोट्या शहराच्या खोट्या दिव्यावरून हातघाईवर आली होती. तीन शब्दांचं नाव, पण जो तो त्यात हात घालत होता आणि ज्याच्या त्याच्या हाताला वेगळंच काही लागत होतं. हे कसं होतं कोण जाणे. मी बघतच राहिले.

अण्णांनी हात वर केला. समाप्ती करू या, म्हणाले, आणि नारळाकडे हात नेला.

"मी एक ईचारू?" मागून आवाज आला.

सगळे वळले. माय होती. मांडीवर साडी, आणि बोटं थांबलेली.

"तेल कोन टाकत व्हतं?"

"जादूचा हाय ना, वहिनी," काका म्हणाले.

"मंग काजळी कसाले झाडी?"

 माय साडीकडे बघत बोलत होती, एकेका टिकलीवर बोट ठेवत, जणू तिथेच सगळं लिहिलेलं होतं. "ती काच पुसणारी बाई व्हती ना? तुम्ही सगळा तिले हासनात. ती कोठे गयी, कोनी ईचारं का? शहर रिकामं शे म्हनतस. रिकामं कसं? ती व्हती ना तठे. तिनी दिवा ना जाणारासाठे लावा, ना येणारासाठे. सांज व्हयनी, तिनी दिवा लावा. तिनं घर व्हतं ते."

 मला वाटलं ती थांबेल. तिने मान वर केली आणि अण्णांकडे पाहिलं.

"तुम्हनं ते गाव शे. मन्हं सासर शे. एक वरीस राहनू मी तठे, मंग तुम्ही माले आठे सुरतले लई उनात. आखाजीले पोरी माहेरले येतस, तुम्हना बहिणी येतीन, तुम्हले बरं वाटी. तुम्ही परत जाशात. मी कोठे परत जासू?"

माझ्या डोळ्यांना धार लागली.  इतकी वर्षं मी तिला 'गरीब बिचारी माय' म्हणत आले होते. समोर बसलेली बाई गरीबही नव्हती आणि बिचारीही. तिने मोठ्याने काहीच म्हटलं नव्हतं, कोणावर रागावली नव्हती, तरी सगळा ओटा तिच्यासमोर लहान झाला होता. मी एवढं पुस्तक वाचलं, आणि ते कशाबद्दल आहे हे मला आत्ता ऐकू येत होतं.

अण्णांनी तिला अडवलं नाही. अर्थ सांगणाऱ्याला मध्ये अडवायचं नाही, हा त्यांचाच नियम. तिचं संपलंय ना, एवढं त्यांनी पाहिलं. मग नारळ उचलला, बायांच्या मधून वाट काढत मागे गेले, आणि टिकल्यांची साडी बाजूला सारून तो मायच्या मांडीवर ठेवला.

"आजना अर्थ तुन्हा," ते म्हणाले. "नारळ तूच फोड."

मायला नारळ नीट फोडता आला नाही. म्हणजे एरवी ती घरात हाताने सहज फोडते, पण त्या दिवशी बसल्या बसल्याच जमिनीवर आपटला. पाणी तिच्या साडीवर सांडलं, मार्केटच्या साडीवरही सांडलं, बाया ओरडल्या आणि एकदम सगळेच बोलायला लागले. खोबरं वाटलं गेलं. गावाचा विषय त्या दिवशी कोणी काढला नाही, सामानही बांधलं गेलं नाही.

आखाजीला अण्णा एकटे गेले. मायने त्यांच्या बहिणींसाठी सांजोऱ्या करून दिल्या, डबा दोरीने बांधून दिला. पावसाळ्यापर्यंत राहीन, असं ते म्हणाले होते. तिकडून फोटो यायचे. अंगण, देव्हारा, बहिणी झोक्यावर. माय फोटो बघायची, छान आहे म्हणायची, खरंच म्हणायची. संध्याकाळी फोन यायचा तेव्हा अण्णा जेवणाचं विचारायचे, पाण्याचं विचारायचे, आणि मग दोघं उगाच फोन धरून बसायचे.

पाऊस लांबच होता. एका दुपारी माझा फोन वाजला, पाठीमागे गाडीचा खडखडाट. "चलथाण उनं," अण्णा म्हणाले. "उधना टेसनले येस का घ्याले?" चलथाण म्हणजे सुरतेच्या अगदी जवळचं स्टेशन; गावाला जाताना तिथल्या साखर कारखान्याचा गोड वास आला की ते दरवेळी खिडकीशी सरकून बसायचे आणि आता गाव लागलं म्हणायचे. त्या दिवशी मी विचारलं, वास येतोय का? ते म्हणाले, येतोय.

मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून आणलं.  घराच्या फाटकाशी त्यांनी मला थांबायला लावलं आणि पिशवी घेऊन उतरले. दिवेलागणीची वेळ होती. आमच्या ओट्यावर तुळशीपाशी माय रोज लावते तो दिवा लागलेला होता. अण्णा फाटकाबाहेर उभे राहिले, आत जाईनात. मी स्कूटर बंद केली. मला त्या म्हाताऱ्या कुंभाराची आठवण झाली.

माय दारात आली. येणार आहेत हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिने पिशवीकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं.

"दिवा कोनासाठे लावा?" अण्णांनी फाटकातूनच विचारलं.

"सांज व्हयनी ना," माय म्हणाली.

अण्णांनी मान हलवली, फाटक उघडलं, चपला काढल्या आणि आत गेले.